योजनेतलं काम ही नोकरी आहे का?

बेरोजगारांना वाचनालय, पाळणाघर, ज्येष्ठांचं केंद्र अशा ठिकाणी सरकारी खर्चाने तात्पुरतं काम देणाऱ्या योजनांबद्दलचे काही प्रश्न.

प्रश्न : बेकारभत्ता थेट खात्यात टाकला तर सोपं नाही का? कामं काढायचा खटाटोप कशाला?

उत्तर : १९२९-३० मध्ये ऑस्ट्रियातल्या मारिएन्थालची कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ अख्खी वस्ती बेकार झाली. समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोदा आणि सहकाऱ्यांनी तिथे जाऊन पाहणी केली. बहुतेकांना भत्ता मिळत होता, हाताशी वेळच वेळ होता. तरी वाचनालयातून पुस्तकं नेण्याचं प्रमाण निम्म्याच्या आसपास आलं. पुरुष घड्याळ वापरेनासे झाले, त्यांची चाल मंदावली. बायकांची तितकी नाही. घरकाम कुठे सुटतंय! दिवसाला शिस्त, चारचौघांत ऊठबस, आपली कुणाला तरी गरज आहे ही जाणीव, हे भत्त्याबरोबर येत नाही. त्याच गावात २०२० च्या ऑक्टोबरपासून वर्षाहून जास्त काळ बेकार असलेल्यांना कामाची हमी देऊन पाहिली. सक्ती नव्हती. ऑक्सफर्डच्या अर्थतज्ज्ञांना सहभागींची मिळकतीची चिंता कमी झालेली दिसली, आणि माणसांत मिसळणंही वाढलेलं दिसलं.

प्रश्न : मी वर्षभर ज्येष्ठांच्या केंद्रात योजनेतून काम करते. घरचे म्हणतात, बायोडेटात लिहू नकोस, कमीपणा वाटतो. लिहू का?

उत्तर : बेलाशक लिहा. योजनेचं नाव मागे, काम पुढे: नोंदी कोण ठेवायचं, चिडून आलेल्या नातेवाइकांशी कोण बोलायचं. केंद्रप्रमुखांकडून शिफारसपत्र आत्ताच घेऊन ठेवा. ते बदलून गेले की अवघड होतं.

प्रश्न : आमच्या संस्थेला योजनेतून दोन माणसं मिळालीत. आता शिपायाची रिकामी जागा भरायला नको, असं विश्वस्त म्हणतात.

उत्तर : ही बचत नव्हे. कायमची जागा गोठवून तात्पुरती माणसं बसवली, तर समाजाच्या पदरात काहीच पडत नाही आणि इतरांची मजुरीही दबते. फ्रान्समध्ये २०१६ च्या कायद्याने दीर्घकाळ बेरोजगार असलेल्यांसाठी जो प्रयोग सुरू झाला, त्यात स्थानिक धंद्यांशी स्पर्धा न करणारी, एरवी होत नसलेली कामंच काढायची असतात. विश्वस्तांना एवढंच विचारा: योजना नसती तर हे काम पगार देऊन करून घेतलं असतं का? उत्तर हो असेल, तर जागा भरा.

प्रश्न : यातून पुढे नोकऱ्या लागत नाहीत म्हणे. मग पैसा वायाच ना?

उत्तर : पहिलं विधान बरंचसं खरं आहे. डेव्हिड कार्ड, योखेन क्लुव्हे आणि आंद्रेया वेबर या अर्थतज्ज्ञांनी रोजगार योजनांवरचे २०० हून अधिक अभ्यास एकत्र तपासले (२०१८). सरकारी तात्पुरत्या कामांचा पुढच्या नोकरीवरचा परिणाम नगण्य, काही वेळा उलटाच निघाला. कामात गुंतलेला माणूस नोकरी शोधायचं सोडतो, हे त्याचं एक कारण. आयर्लंडच्या कम्युनिटी एम्प्लॉयमेंट योजनेत आठवड्याला सरासरी १९.५ तासच काम असतं, त्यामुळे शोधाला आणि शिकण्याला वेळ उरतो. अशी सोय सगळीकडेच हवी.

दुसरं विधान मात्र मला मान्य नाही. ‘नोकरी लागली का’ एवढा एकच रकाना ठेवला, तर साठीकडे झुकलेल्या, आजारपणातून उठलेल्या माणसांनी वर्षभर चालवलेलं पाळणाघर हिशेबात दिसतच नाही. त्या पाळणाघराच्या भरवशावर कामाला जाऊ लागलेल्या आयाही दिसत नाहीत. योजनेचा अहवाल लिहिणाऱ्याने त्यांनाही विचारावं.