यवतमाळजवळच्या खेड्यात घरी खाऱ्या पाण्याच्या टाकीत ईल पाळता येईल का?

ईल हा सापासारखा लांब मासा पाळता येतो, अडचण खाऱ्या पाण्याची कमी आणि मे महिन्याची जास्त. पहिल्यांदा ठेवत असाल तर स्नोफ्लेक मोरे ही समुद्री ईलची जात घ्या. तो दोन-अडीच फूट वाढतो, त्याला ३०० लिटरच्या आसपास टाकी आणि २४ ते २७ अंश तापमान लागतं. बाहेर ४५ असताना घरातल्या कूलरवर भागत नाही, टाकीचं पाणी थंड करणारं यंत्र, म्हणजे चिलरच हवा. बोअरचं पाणी थेट नको, आरओचं घ्या. मीठही किराण्यातलं नाही, समुद्री टाकीसाठीचं, लिटरला साधारण ३५ ग्रॅम. पाणी आटलं की वरून गोडंच पाणी घाला, मीठ काही उडून जात नाही. झाकणाला बोटभरही फट ठेवू नका: माझा ईल पाइपाच्या भोकातून निसटला, सकाळी कूलरच्या स्टँडखाली वाळलेला सापडला. बाजारात मिळणारी नदीची वाम मात्र यात सोडू नका, ती गोड्या पाण्याची. आणि तुमच्याकडे उन्हाळ्यात दिवसाला पाच-सहा तास लाइन जात असेल, चिलर चालेल एवढी बॅटरी किंवा जनरेटरही नसेल, तर ईलच्या नादी लागू नका.