बाबांची गोळी आता थांबवावी का?

प्रश्न : माझ्या वडिलांना दोन वर्षांपूर्वी क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया (रक्ताचा एक कर्करोग) झाला. इमॅटिनिबच्या रोजच्या गोळीने पांढऱ्या पेशी आटोक्यात आल्या असून ते पुन्हा आंब्याच्या बागेत जाऊ लागले आहेत. आता गोळी थांबवावी का?
– एक वाचक, देवगड

उत्तर : आपल्या मनाने मुळीच थांबवू नका. हा आजार रक्ताच्या साध्या तपासणीत दिसतो त्याहून खोलवर असतो. १९६० मध्ये फिलाडेल्फियातील संशोधक नॉवेल आणि हंगरफर्ड यांना या रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र आढळले. पुढे १९७३ मध्ये शिकागोच्या संशोधक जॅनेट राउली यांनी, घरच्या जेवणाच्या टेबलावर गुणसूत्रांची छायाचित्रे कापून जुळवता जुळवता, ९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते हे ओळखले. या अदलाबदलीतून तयार होणारे बीसीआर-एबीएल प्रथिन पेशींना अखंड वाढण्याचा हुकूम देत राहते, आणि डॉ. ब्रायन ड्रुकर यांच्या चिकाटीमुळे २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले इमॅटिनिब नेमके तेच प्रथिन रोखते. इतक्या नेमक्या निशाण्याचे औषध हाती येणे ही मला आजही विलक्षण गोष्ट वाटते.

पेशींची संख्या पूर्ववत झाली तरी ते प्रथिन बनवणारा जनुकीय संदेश किती उरला आहे, हे बीसीआर-एबीएलच्या पीसीआर (अतिसूक्ष्म जनुकीय अंश मोजणाऱ्या) चाचणीतूनच कळते. काही वर्षे तो जवळजवळ नाहीसा राहिल्यास निवडक रुग्णांची गोळी डॉक्टर थांबवतात, पण वारंवार चाचण्या करूनच. तोवर बाबांनी गोळी उपाशीपोटी न घेता पेज किंवा जेवणाबरोबर, पेलाभर पाण्यासह घ्यावी, आणि बागेच्या हंगामातही चाचणीची तारीख चुकवू नये.