ई-सायकलला थम्ब थ्रॉटल (अंगठ्याने दाबून मोटर चालवायचा खटका) बसवायचा आहे, पण उजवीकडे गिअरचा खटका आहे. साताऱ्यात चढ भरपूर. कुठे बसवू?

डावीकडेच बसवा, पेडलजवळच्या पुढच्या चकतीला गिअर नसतील तर ती बाजू रिकामीच असते. मी दोन्हीकडे लावून पाहिलाय: यवतेश्वरच्या चढाला गिअर पाडणं आणि थ्रॉटल दाबणं एकदमच येतं, आणि उजवा अंगठा एकच! ग्रिपला लागून थ्रॉटल, मग ब्रेक लिव्हर. बेल, मोबाइल होल्डर उरलेल्या जागेत. ग्रिप आणि थ्रॉटलमध्ये दोनेक मिलिमीटर फट हवीच, घासला तर तो दाबलेलाच राहतो. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून वायर ताणत नाही ना बघा. चाक उचलून ब्रेक दाबल्यावर मोटर थांबते का, तेही. फक्त थ्रॉटल डाव्या हाताचाच मागा. उजव्याचा तिकडे उलटा चालतो.