विकायच्या घराला ग्रे की पांढरा? आधी फरशी आणि उजेड बघा

ताई, तुम्ही लिहिलंय की शहापुरातलं जुनं घर विकायचं आहे, सोपा (पुढची खोली) पोपटी आहे, माजघर गुलाबी, खाली शहाबादी फरशी. दिवाळीनंतर गिऱ्हाइकं बघायला येणार आणि पेंटर म्हणतोय, सगळीकडे फिका ग्रे मारू, नाहीतर सरळ पांढरा. माझं स्पष्ट मत: दोन्ही नको. पूर्ण घराला एकच, किंचित पिवळसर झाक असलेला ऑफ-व्हाइट द्या.

ग्रे का नको ते सांगतो. आपल्याकडच्या लांबट घरांना दोन्ही बाजूंनी शेजाऱ्याची भिंत असते, उजेड पुढून आणि परसातून तेवढा. त्या मंद उजेडात आणि पांढऱ्या ट्यूबलाइटखाली फिका करडा निळसर दिसायला लागतो. जुनं घर बघायला आलेला माणूस सगळ्यात आधी ओल शोधतो, आणि निळसर करडी भिंत कोरडी असली तरी त्याला ओलीच वाटते. त्यात शहाबादीही करडी, म्हणजे खालून वरपर्यंत थंडपणा. निव्वळ पांढरा अंधाऱ्या कोपऱ्यात राखाडी पडतो, आणि पावसाळ्यात चपलांबरोबर आलेली तांबडी माती त्यावर लगेच उठून दिसते.

ऑफ-व्हाइटही शंभर असतात. कार्डावरचा तुकडा कोऱ्या पांढऱ्या कागदाला चिकटवून दारातल्या उजेडात धरा. एकटा पांढरा वाटणारा तुकडा कागदाशेजारी गुलाबी, हिरवट किंवा निळसर आहे ते तिथे कळतं. शहाबादीवर गुलाबी झाक मळकट दिसते, ती टाळा. तांबड्या कोब्याची जमीन असलेल्या खोलीत तर फरशीचाच लालसरपणा भिंतीवर चढतो, तिथे गुलाबी अजिबात नको. काही कार्डांवर एलआरव्ही हा आकडा असतो, म्हणजे रंग शंभरातला किती उजेड परत फेकतो ते. तुमच्या घराला ७५ च्या आसपासचा बघा.

पण कार्डावरून ठरवू नका. निवडलेल्या दोन शेडचे लहान डबे आणा. पोपटी भिंतीवर थेट नमुना मारला तर शेजारच्या हिरव्यामुळे तो गुलाबीच भासणार. म्हणून २ × २ फुटांच्या दोन पुठ्ठ्यांवर प्राइमर आणि दोन हात रंग मारा. पुठ्ठे फरशीला टेकवून ठेवा, एकदा सकाळी, एकदा भर दुपारी, एकदा रात्री ट्यूब लावून. रात्री हिरवट पडला तर तो रद्द.

आता ओलीचं, आणि हे रंगापेक्षा महत्त्वाचं. बाथरूमलगतच्या आणि परसाकडच्या भिंतीवर, जमिनीपासून फूटभर वर, १ फूट चौकोनी प्लॅस्टिक चारही बाजूंनी टेप लावून २४ तास ठेवा. आतल्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतूनच येतेय. पांढरी भुकटी दिसली तर तो खार, म्हणजे तिथून पाणी येऊन वाळलंय. त्यावर वॉटरप्रूफ पुट्टी थापून रंग मारला की ओल अडून आणखी वर चढते, आणि काही महिन्यांत पोपडे नव्या जागी सुटतात. आधी पाणी कुठून येतं ते बंद करा: नळाची गळती, फुटलेलं कौल, बाहेर भिंतीला लागून वाढलेली मातीची भर. मग सुटलेला गिलावा खरवडून नवा करा आणि सिमेंटचा असेल तर चार आठवडे वाळू द्या. म्हणजे पाऊस ओसरला की लगेच गवंडी बोलवायला हवा, नाहीतर दिवाळीनंतर जमणार नाही. ओल तात्पुरती झाकून घर दाखवू नका. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, आपल्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या पाहणीत न दिसणारा मोठा दोष विकणाऱ्याने सांगावाच लागतो.

जुन्या चुन्यावर थेट इमल्शन (पाण्यात मिसळायचा भिंतीचा रंग) धरत नाही, चुन्यासकट पापुद्रा सुटून येतो. भिंतीवरून तळहात फिरवा. पांढरा झाला तर पत्रीने खरवडून, धुऊन, वाळवून मगच प्राइमर. खालच्या तीन-चार फुटांना ऑइल पेंट असेल तर १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून चकाकी घालवून घ्या.

हिशोब असा: १० × १२ ची खोली, उंची १०, चार भिंती ४४० चौरस फूट. दार-खिडक्या वजा करून साधारण ३९०. दोन हातांना लिटरमागे १०० ते १२० चौरस फूट धरा, म्हणजे ४ लिटरचा एक डबा. प्राइमरही जवळपास तेवढाच. पोपटी भिंतीला प्राइमरचा हात भरून द्यायला सांगा, नाहीतर खालून हिरवट डोकावतो आणि तिसऱ्या हाताचे पैसे जातात. पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच घालायचं; पेंटरने जास्त घातलं तर चट्टे पडतात. एकाच खोलीचे सगळे डबे आधी मोठ्या बादलीत एकत्र करा, मशीनवर केलेल्या दोन डब्यांत थोडा फरक असतोच.

चकाकी मॅटच घ्या. भिंतीवर उंच लावलेल्या ट्यूबचा उजेड वरून घासत खाली येतो आणि चकचकीत रंगावर थापीची प्रत्येक लाट दाखवतो. स्वयंपाकघरात मात्र धुता येणारा, थोडा चकचकीत. छताला साधा पांढरा. सागवानी चौकटी आणि तुळयांना ऑइल पेंट लावू नका, घासून पॉलिश करा, जुन्या घराची किंमत त्यातच दिसते.

शेडचा नंबर लिहून ठेवा आणि अर्धा लिटर रंग घट्ट झाकून बाजूला ठेवा. कपाटं बाहेर काढताना सोप्याच्या कोपऱ्यांना हमखास ओरखडे येतात.