लायकर अमोनियाची बाटली उघडण्यापूर्वी
रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत रुजू झाल्यावर लायकर अमोनियाची बाटली लवकरच तुमच्या हाती येईल, म्हणून तिच्याविषयी आधीच लिहितो. लायकर अमोनिया म्हणजे अमोनिया वायूचे पाण्यातले तीव्र द्रावण. या द्रावणात साधारण २५ ते ३० टक्के अमोनिया असतो आणि उष्णता वाढली की तो वायुरूपात बाहेर पडू पाहतो. त्यामुळे विदर्भातल्या मे महिन्यात, जेव्हा पारा ४० अंशांच्या पुढे जातो, तेव्हा बाटलीत दाब साचून झाकण सैल करताक्षणी द्रावण उसळून चेहऱ्यावर येऊ शकते. म्हणून बाटली आधी बर्फाच्या पाण्यात थंड करावी आणि गॉगल व हातमोजे घालून, झाकणावर ओले फडके धरून, फ्यूम हूडमध्येच (वायू बाहेर खेचून घेणाऱ्या बंदिस्त कप्प्यात) सावकाश उघडावी. हुंगून रसायन ओळखण्याची जुनी खोड कृपया लावून घेऊ नका. लेबल त्यासाठीच असते.

डोळ्यांची इजा सर्वांत गंभीर, कारण अमोनियासारखी अल्कली (आम्लारी) ऊतींमध्ये खोलवर शिरत जाते. थेंब उडाल्यास पापण्या उघड्या धरून किमान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुवावा आणि तत्काळ डॉक्टरांकडे जावे. डोळ्यातला अमोनिया आम्लाने उदासीन करण्याचे धाडस करू नये.

अमोनियाचा ब्लीचिंग पावडरशी संबंध आल्यास विषारी क्लोरामाइन तयार होते, तर आयोडीनबरोबर होणारे संयुग वाळल्यावर नुसत्या स्पर्शानेही फुटते. सिल्व्हर नायट्रेट आणि अमोनिया यांपासून बनवलेला, अल्डिहाइड ओळखण्यासाठीचा टॉलेन्स अभिकर्मकही उरला म्हणून साठवू नये. काही तासांत त्यात स्फोटक पदार्थ तयार होऊ शकतो, म्हणून तो त्याच दिवशी विरल नायट्रिक आम्लाने नष्ट करावा.