आईचे दागिने मोडून गृहकर्ज फेडावं का?

प्रश्न: आईला जाऊन दीड वर्ष झालं. लॉकरमध्ये तिचे गोठ, पाटल्या, मोहनमाळ, ठुशी आणि पुतळ्यांची माळ आहे. तिच्या वहीत सगळं मिळून २५ तोळे अशी नोंद आहे. मृत्युपत्र नाही, लॉकरचा नॉमिनी भाऊ आहे, वडील माझ्याकडे राहतात. माझ्या गृहकर्जाचे १४ लाख बाकी आहेत, व्याज ८.५ टक्के, मुदत ९ वर्षं. भाऊ म्हणतो, सगळं मोडू आणि पैसे अर्धे-अर्धे घेऊ. मला पुतळ्यांची माळ मोडवत नाही. काय करावं?

उत्तर: सगळं मोडू नका. गोठ आणि पाटल्या मोडायला हरकत नाही, बाकीचं ठेवा. पण त्याआधी अर्ध्या-अर्ध्या वाटणीचा विषय मिटवा, कारण ती वाटणीच चुकीची आहे. तुम्हाला हिंदू वारसा कायदा (१९५६) लागू असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर आईच्या मालमत्तेवर मुलगा, मुलगी आणि पती यांचा सारखाच हक्क असतो. म्हणजे तीन वाटे, आणि त्यातला एक वडिलांचा. नॉमिनी असल्यामुळे भाऊ लॉकर उघडून वस्तू ताब्यात घेऊ शकतो, मालक मात्र होत नाही. वडिलांना त्यांचा वाटा नको असेल तरी ते त्यांनी स्वतः सांगायला हवं. कोणता दागिना कोणाकडे गेला, किती वजनाचा, हे कागदावर उतरवा आणि तिघांच्या सह्या घ्या. आज अवघड वाटेल, पण पुढे सुना-जावयांपर्यंत विषय गेला की हाच कागद भांडण टाळतो.

आता वहीतले २५ तोळे. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आणि आज पेढीवर बोलताना १० ग्रॅमलाच तोळा म्हणतात. आईने कोणता तोळा लिहिला त्यावर २५० ग्रॅम की २९१, हे ठरेल. शिवाय ते वजन निव्वळ सोन्याचं असेलच असं नाही. जुने गोठ बरेचदा आतून पोकळ असतात आणि त्यात लाख भरलेली असते. समजा जोडी काट्यावर ४० ग्रॅम भरली आणि लाख १२ ग्रॅम निघाली, तर उरतात २८. झाळ, म्हणजे सांधे जोडायला वापरलेला धातू, हलक्या कसाची (कमी शुद्धतेची) असल्यामुळे आटवलेल्या सोन्याचा कस २२ कॅरेटच्या ९१.६ ऐवजी ८८ टक्के आला, तर शुद्ध सोनं साडेचोवीस ग्रॅमच्या आसपास. हिशेब ४० ग्रॅमवर करून बसलात तर पेढीवर फसवणूक झाल्यासारखं वाटेल, आणि दर वेळी ती झालेली नसते.

फसवणूक होते ती वेगळ्या ठिकाणी. कस तपासायचं मशीन वरचा पातळ थरच वाचतं. मुलामा किंवा झाळ समोर आली की आकडा बदलतो. म्हणून भारतीय मानक ब्युरोची मान्यता असलेल्या हॉलमार्किंग केंद्रात शुल्क भरून आधी तपासणी करून घ्या. मग मोड देताना तीन वजनं स्वतःच्या डोळ्यांनी बघा: आहे तसं, लाख काढल्यावर, आटवल्यावर. आटवलेल्या गोळीचा कस पुन्हा काढायला लावा आणि त्याच आकड्यावर भाव घ्या. त्यानंतर वर ‘घट’ म्हणून आणखी टक्के कापू लागले तर सरळ उठून या. घट आटवतानाच निघालेली असते, ती दोनदा कशाला द्यायची?

आणि कर. वारशाने सोनं मिळालं त्यावर कर नाही, विकलं की आहे. आईने ते जेव्हा घेतलं तेव्हापासूनची मुदत तुमच्या नावावर धरतात, त्यामुळे हा दीर्घकालीन भांडवली नफा. २३ जुलै २०२४ पासून त्यावर १२.५ टक्के दर आहे, महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून मिळत नाही. उपकर धरून १३ टक्के. १ एप्रिल २००१ पूर्वीचे दागिने असतील तर त्या दिवशीचा बाजारभाव खरेदी किंमत म्हणून घेता येतो. नोंदणीकृत मूल्यांककाचा दाखला घ्या, पण मोडण्यापूर्वी; वस्तू आटल्यावर तो कशाचा दाखला देणार? जुनं देऊन नवं घेतलं तरी कायद्याच्या नजरेत ती विक्रीच. वडिलांचं उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या आत असेल तर त्यांच्या वाट्याच्या नफ्याला उरलेली मर्यादा वापरता येते. पैसे खात्यातच घ्या. एका व्यवहारात २ लाख किंवा जास्त रोख घेतली तर दंड घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला, आणि तोही तेवढ्याच रकमेचा. विक्रीच्या रकमेतून नवं घर घेतलं तर अटींवर सूट मिळते, जुन्या घराचं कर्ज फेडून मिळत नाही.

तुमच्या वाट्याला ६ लाखांची मोड आली असं धरू. कर जास्तीत जास्त ७८ हजार. तो बाजूला ठेवून ५ लाख कर्जात भरलेत तर काय होतं? आजचा हप्ता साधारण १८,६०० आहे. तो तसाच ठेवला तर ९ वर्षांचं कर्ज ५ वर्षांत संपतं आणि जवळपास ४ लाख व्याज वाचतं. मात्र बँकेला लेखी सांगा की हप्ता कमी करू नका, मुदत कमी करा. न सांगितल्यास हप्ताच उतरवला जाण्याची शक्यता असते आणि मग व्याजाची बचत बरीच घटते. बदलत्या दराचं कर्ज असेल तर मुदतीआधी फेडल्याचा दंड लागत नाही.

मोहनमाळ, ठुशी, पुतळ्या मात्र ठेवा, हे मी भावनेपोटी म्हणत नाही. मोडीत घडणावळीचे शून्य रुपये मिळतात. उद्या तशीच ठुशी करायची म्हटलं तर घडणावळ पुन्हा, वर ३ टक्के जीएसटी. गोठ-पाटल्या झिजल्या आहेत आणि तुमच्या घरात कोणी रोज घालणार नसेल, तर त्या मोडण्यात गमावण्यासारखं काही नाही, माळ मोडण्यात आहे. पुतळ्यांच्या माळेला पॉलिश करू नका, त्यात सोनं झिजतं आणि पुतळीवरचा छाप पुसट होतो. दोरा कुजला असेल तर पटवेकऱ्याकडून नव्याने गाठवून घ्या. देताना पुतळ्या मोजा, प्रत्येकीच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढा, आल्यावर पुन्हा मोजा.

ती माळ परत लॉकरमध्ये ठेवाल तेव्हा एक लक्षात असू द्या. चोरी, दरोडा, आग किंवा बँकेच्या कर्मचाऱ्याची अफरातफर झाली तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटींपर्यंतच असते. भाडं ३ हजार असेल तर ३ लाख. त्यावरच्या किमतीचा विमा तुम्हाला स्वतः उतरवावा लागेल, आणि त्यासाठीही मूल्यांककाचा दाखला लागेल. एकदाच सगळ्या दागिन्यांचा करून घ्या.