१४-० की १५-०? १९४८ च्या क्लीव्हलँड ब्राउन्सबद्दल, आणि कागद कसे मागावेत याबद्दल

नमस्कार. तुमची पोस्ट वाचली आणि जुना राग पुन्हा वर आला. तुम्ही अमेरिकन फुटबॉलमधल्या अपराजित हंगामांवर मराठीत लेखमाला करताय. त्यात १९४८ चे क्लीव्हलँड ब्राउन्स घ्यायचेत, पण एका ठिकाणी १४-० दिसतं, दुसरीकडे १५-०, आणि तिसऱ्या यादीत १९७२ चे मायामी डॉल्फिन्स सोडले तर दुसरं नावच नाही. वर एका संग्रहाने कळवलं की "या संघाचा असा हंगाम आमच्या सूचीत नाही." हे उत्तर माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. मी ओहायोत, म्हणजे क्लीव्हलँडच्याच राज्यात, राहून विचारलं होतं तरी मला हेच मिळालं, म्हणजे तुम्ही पुण्याहून मेल पाठवला म्हणून काही बिघडलं असं समजू नका.

आधीच सांगतो, मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. नोकरी वेगळीच आहे, हा फावल्या वेळचा नाद. तेव्हा माझी मतं मतं म्हणूनच घ्या, छापण्यापूर्वी आकडे स्वतः ताडून पाहा.

आकड्यांचा घोळ लवकर सुटतो. साखळीत १४ पैकी १४ जिंकले, मग अंतिम सामना जिंकला, म्हणून १५-०. दोन्ही नोंदी बरोबर आहेत, फक्त कोणती घेतली ते लिहा. यादीतून नाव गायब असण्याचं कारण वेगळं. ब्राउन्स तेव्हा एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या मुख्य व्यावसायिक लीगमध्ये, नव्हतेच. शिकागो ट्रिब्यूनचे क्रीडा संपादक आर्च वॉर्ड यांनी उभ्या केलेल्या ऑल-अमेरिका फुटबॉल कॉन्फरन्समध्ये ते खेळत. ती लीग १९४६ ते १९४९ अशी चारच हंगाम चालली आणि चारही विजेतेपदं ब्राउन्सनीच नेली. एनएफएलने त्यांच्यासह तीन संघ आपल्यात घेतले, पण त्या चार वर्षांचे आकडे कित्येक दशकं बाहेरच ठेवले. ते अधिकृत नोंदींत घेत असल्याचं त्यांनी जाहीर केलं तेही थेट २०२५ मध्ये. म्हणजे तुमच्या हातातलं पुस्तक त्याआधीचं असेल तर त्यात हा हंगाम नसणं स्वाभाविक आहे. कॅन्टनच्या हॉल ऑफ फेमवाल्यांनी (व्यावसायिक फुटबॉलचं गौरव-संग्रहालय) मात्र या हंगामाची दखल आधीपासून घेतलेली आहे, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

आता त्या कार्यालयाकडे वळतो. नाव घेणार नाही. एक मोठा वृत्तपत्र-संग्रह, भरपूर मायक्रोफिल्म, पैसे भरले की पानं स्कॅन करून पाठवतात. त्यांचा एक ऑनलाइन फॉर्म आहे. त्यात "लीग" या रकान्यात पर्याय तीनच: एनएफएल, कॉलेज, इतर. मी "इतर" निवडलं आणि खाली लीगचं पूर्ण नाव, संघ, वर्ष सगळं लिहिलं. "इतर" म्हटलं की अर्ज कुठल्या टेबलावर जातो देव जाणे. बरेच दिवस शुकशुकाट. मग तुम्हाला आलं तेच उत्तर. मी पुन्हा लिहिलं की बाबांनो, संघ खरा आहे, आजही खेळतो, त्याच शहरात खेळतो. त्यावर कुणीतरी माझ्यावर उपकार म्हणून अर्ज परस्पर "एनएफएल" या खात्यात वळवला, फी कापून घेतली आणि जाडजूड फाइल पाठवली.

फाइल उघडली तर आत १९४५ चे क्लीव्हलँड रॅम्स! सूचीत क्लीव्हलँडचा एनएफएल संघ म्हणून १९४८ च्या सगळ्यांत जवळचे तेच सापडले असणार. पानं झकास होती, खोटं कशाला बोलू. त्या वर्षीच्या अंतिम सामन्यात वॉशिंग्टनच्या सॅमी बॉने स्वतःच्या एंडझोनमधून (मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यातून) फेकलेला पास गोलपोस्टवर आपटला, तेव्हाच्या नियमाने तो सेफ्टी, म्हणजे समोरच्या संघाला दोन गुण देणारी चूक, ठरला, रॅम्सना दोन गुण मिळाले आणि सामना त्यांनी १५-१४ असा एका गुणाने मारला. महिनाभरात मालकाने विजेता संघ उचलून लॉस एंजेलिसला नेला. वाचायला मजा आली, पण मी मागितलं होतं त्यातलं एक अक्षर त्यात नव्हतं. फी परत मागितली तर "स्कॅन झालेल्या पानांचा परतावा नाही." वर एक समाधान-सर्वेक्षण आलं, पाच तारे द्या म्हणून. पैशांचं सोडा, त्यांच्या भरवशावर वेळ गेला त्याचं जास्त लागलं. तिथल्या माणसांचा दोष कमी आणि फॉर्मचा जास्त, असं माझी बायको म्हणते. मला ते पटत नाही. फॉर्म माणसंच बनवतात.

यातून काढलेला एकच उपाय सांगतो: संघाच्या किंवा लीगच्या नावाने काही मागूच नका, वृत्तपत्राचं नाव आणि तारीख देऊन पान मागा. "क्लीव्हलँड प्लेन डीलर, सोमवार, १५ नोव्हेंबर १९४८, क्रीडा पानं" असं लिहिलं की समोरच्याला लीग ठरवावी लागत नाही, तो रीळ काढतो आणि पान देतो. सामने बहुतेक रविवारी, म्हणजे वृत्तांत सोमवारच्या सकाळी. अपवाद लक्षात ठेवा. पहिला सामना ३ सप्टेंबरचा, तो शुक्रवार होता. लॉस एंजेलिस डॉन्सना त्यांनी १९-१४ असं हरवलं, त्यामुळे शनिवारचा अंक मागा. २५ नोव्हेंबरचा सामना थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारी झाला, तो शुक्रवारी सापडेल. प्लेन डीलर सकाळचा, क्लीव्हलँड प्रेस संध्याकाळचा. शक्य असेल तर दोन्ही बघा, कारण सकाळच्या अंकात धावतं वर्णन असतं आणि संध्याकाळपर्यंत प्रशिक्षक-खेळाडू चार शब्द बोललेले असतात.

ऑनलाइन शोधाबद्दल एक इशारा. "क्लीव्हलँड स्टेडियम १९४८" असं टाकाल तर सगळं बेसबॉल येईल. त्याच मैदानावर त्याच वर्षी क्लीव्हलँड इंडियन्सनी वर्ल्ड सिरीज गाजवली आणि बॉस्टन ब्रेव्ह्जना ४-२ ने हरवून ती जिंकली. पाचव्या सामन्याला त्या मैदानात ८६,२८८ लोक होते. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात क्रीडा पानांवर फुटबॉल कोपऱ्यात ढकललेला दिसेल, घाबरू नका, आतल्या पानांवर आहे. नावांचाही असाच चकवा. या लीगमध्ये न्यू यॉर्क यांकीज आहेत, ब्रुकलिन डॉजर्स आहेत, पण ते फुटबॉलचे. बफेलो बिल्स म्हणजे आजचे बिल्स नव्हेत, आजचे १९६० पासूनचे. बाल्टिमोर कोल्ट्स हे १९५० नंतर बंद पडलेले जुने कोल्ट्स, पुढे गाजलेले कोल्ट्स वेगळे, ते १९५३ पासूनचे. लेखात एकदाच "त्या वेळचे" असं लिहून टाका, नाहीतर प्रतिक्रियांत शहाणे लोक तुटून पडतील.

आता थोडं न विचारलेलं. तुमच्या मसुद्यात तुम्ही प्रशिक्षक पॉल ब्राउन, क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) ऑटो ग्रॅहॅम, मग लगेच अंतिम सामन्याचा ४९-७ असं लिहिलंय. माझं मत विचाराल तर या हंगामाचा जीव अंतिम सामन्यात नाहीच, तो नोव्हेंबरात आहे.

१४ नोव्हेंबरला सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स क्लीव्हलँडला आले. दोघेही तोवर अपराजित होते, आणि बघायला ८२,७६९ लोक. ब्राउन्स १४-७ ने जिंकले. नंतर वेळापत्रकाने जो खेळ केला तो आजच्या खेळाडू संघटनेने एक दिवस चालू दिला नसता. रविवारी २१ तारखेला न्यू यॉर्कमध्ये यांकीजविरुद्ध ३४-२१. तिथून देश ओलांडून गुरुवारी २५ ला लॉस एंजेलिसमध्ये डॉन्सविरुद्ध ३१-१४. आणि रविवारी २८ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या केझार स्टेडियमवर पुन्हा फोर्टीनाइनर्स. आठ दिवसांत तीन सामने, तेही एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर! लॉस एंजेलिसमध्ये ग्रॅहॅमचा गुडघा दुखावला होता. तो तीन दिवसांनी केझारवर खेळला, चार टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे पास) फेकले आणि संघ ३१-२८ असा निसटता जिंकला. हा हंगाम कुठे तुटला असता तर तिथेच. लेखात जागा कमी असेल तर माझी विनंती आहे, अंतिम सामना दोन ओळींत उरका, पण हे आठ दिवस कापू नका.

आणि फोर्टीनाइनर्सचं दुःख विसरू नका. त्यांनी १४ पैकी १२ जिंकले, ४९५ गुण केले, ब्राउन्सच्या ३८९ पेक्षा शंभराहून जास्त. त्यांच्या फ्रँकी अल्बर्टने २९ टचडाउन पास टाकले, ग्रॅहॅमचे २५. सर्वोत्तम खेळाडूचा मान दोघांना विभागून मिळाला. वर्षभरात हरले ते दोनच सामने, दोन्ही ब्राउन्सकडून. आणि अंतिम फेरीत? नाहीत. कारण ब्राउन्स आणि ते एकाच पश्चिम विभागात, आणि प्रत्येक विभागातून एकच संघ पुढे. पूर्वेकडून आला तो ७-७ वाला बफेलो! आपल्याकडच्या शालेय कबड्डीत दोन तगड्या शाळा एकाच गटात पडल्या की जे होतं तेच. आयोजकांनी हे बदलायला हवं होतं असं मला वाटतं, अर्थात मागाहून बोलणं सोपं असतं.

परिणाम दिसलाच. १९ डिसेंबरच्या अंतिम सामन्याला क्लीव्हलँडमध्ये २२,९८१ लोक आले. पाच आठवड्यांपूर्वी ज्या मैदानात ब्याऐंशी हजार होते, त्यातच! थंडी होती हे खरं, पण लोकांना निकाल ठाऊक होता हेही खरं. त्याच दिवशी फिलाडेल्फियात एनएफएलचा अंतिम सामना हिमवादळात झाला, रेषा दिसेनात इतका बर्फ, आणि ईगल्सनी कार्डिनल्सना कसंबसं ७-० ने हरवलं. वाचायला तो सामना जास्त रंगतो, मला मान्य आहे. सतत एकच संघ जिंकत राहिला की तिकीट खिडकीवर माशा बसतात. लीग बुडाली ती मुख्यतः दोन्ही लीगच्या खेळाडू पळवापळवीत पगार वाढत गेले म्हणून, पण ब्राउन्सच्या एकतर्फीपणाचा हातभार त्याला होता असं माझं ठाम मत आहे. ओहायोत हे मोठ्याने बोलत नाही.

अंतिम सामन्यातलं एकच नाव ठळक घ्या: मॅरियन मॉटली. १३३ यार्ड धाव, तीन टचडाउन. हंगामात ९६४ यार्डांसह धावण्यात लीगमध्ये पहिला. तो आणि बिल विलिस हे दोघे कृष्णवर्णीय खेळाडू १९४६ पासून या संघात होते, म्हणजे बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत मोडणारा जॅकी रॉबिन्सन (बेसबॉलच्या) डॉजर्सकडून उतरला त्याच्या आदल्या वर्षापासून. पहिल्या हंगामात मायामीच्या सामन्याला या दोघांना घरी ठेवावं लागलं होतं, कारण फ्लोरिडात गोऱ्या-काळ्यांनी एकत्र खेळण्याला बंदी होती. अपराजित हंगामाच्या लेखात हे येत नसेल तर लेख अर्धाच, असं मी म्हणेन. तुमचा लेख आहे, तुम्ही ठरवा.

"ही लीगच दुय्यम होती, तिथे अपराजित राहण्यात काय विशेष" अशी प्रतिक्रिया येणारच. तेव्हा १६ सप्टेंबर १९५० काढा. एनएफएलमध्ये आल्यावर ब्राउन्सचा पहिलाच सामना सलग दोन वेळच्या विजेत्या ईगल्सविरुद्ध, फिलाडेल्फियात, ७१,२३७ लोकांसमोर. निकाल ३५-१०, ब्राउन्स. त्या वर्षीचं विजेतेपदही त्यांचंच. यापुढे वाद घालायचा तर घालू द्या.

जाता जाता एक किस्सा, तुमच्या चौकटीसाठी चालेल. संघाचे मालक मिकी मॅकब्राइड यांचा टॅक्सीचा धंदा होता. संघात जागा नसलेले पण सोडायचे नसलेले राखीव खेळाडू ते टॅक्सी कंपनीच्या पगारपत्रकावर ठेवत. अमेरिकेत राखीव खेळाडूंना "टॅक्सी स्क्वॉड" म्हणतात ते तिथून आलं.

कागद मिळवायचे तर अमेरिकेत सार्वजनिक ग्रंथालयाचं कार्ड असलेला नातेवाईक गाठा. पुष्कळ ग्रंथालयांच्या कार्डावर जुनी वृत्तपत्रं घरबसल्या उघडतात, आणि नसतील तर रीळ दुसऱ्या ग्रंथालयातून मागवून देतात. तिथले ग्रंथपाल सहसा मनापासून मदत करतात, वरच्या त्या संग्रहासारखे नसतात. पैसे भरून स्कॅन मागवायचेच असतील तर आधी एकच पान मागवा, बरोबर आलं तर पुढचं.

आणि तुमच्या तक्त्यात बफेलोपुढे ८-७ लिहिलंय ते तपासा. साखळीत बफेलो आणि बाल्टिमोर दोघेही ७-७ होते. विभागाचा विजेता ठरवायला जादा सामना झाला आणि तो बफेलोने २८-१७ ने जिंकला. साखळीच्या रकान्यात ७-७ ठेवा, हा सामना खाली तळटीपेत द्या.